चकमक कशाला म्हणतात

सहा वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मधुकररावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं असतं तर बरं झालं असतं, पण ते हरवलं नाही. त्यांनीच लिहिलेल्या पुस्तकात, तेविसाव्या पानाशी, ते घडी करून ठेवलेलं होतं.

पुस्तक म्हणजे अठ्ठेचाळीस पानांची एक पुस्तिका. ‘रानमुक्कामाची शिदोरी’. तंबू कुठे ठोकावा, पाणी कसं गाळावं, वाट चुकली तर काय करावं, काडेपेटी भिजली तर विस्तव कसा करावा, असं सगळं तीत होतं. मधुकररावांनी जव्हारच्या एका वाचनालयात एकतीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं आणि त्या काळात जे जे वाचलं त्यातून ती लिहिली. स्वतः ते तंबूत एकदाही झोपले नव्हते. ही गोष्ट पुस्तकात कुठेही लिहिलेली नव्हती.

पत्र लिहिणारी शलाका नावाची शिक्षिका खोडाळ्याकडच्या एका शाळेतली होती. तिने लिहिलं होतं: ‘पान २३ वर तुम्ही म्हणता, चकमकीचे दोन दगड एकमेकांवर घासले की ठिणगी पडते आणि कापूस पेटतो. आम्ही ओढ्यातल्या गारगोट्या आणल्या. चाळीस मुलं दुपारभर घासत होती. उजेड दिसतो, वासही येतो, पण कापूस पेटत नाही. एका मुलीने विचारलं, बाई, पुस्तक खोटं बोलतं का? मी म्हटलं, आपण लेखकालाच विचारू. तुम्ही स्वतः पेटवून पाहिलं आहे का? हो किंवा नाही, एवढं लिहिलंत तरी चालेल.’

खाली फोन नंबर होता. पण फोनवर माणूस लगेच उत्तर मागतो, आणि मधुकररावांना एक ओळ लिहायलाही तीन कच्चे कागद लागत. ‘हो’ लिहावं तर खोटं. ‘नाही’ लिहावं तर अठ्ठेचाळीस पानांचं काय उरतं? उद्या लिहू, म्हणता म्हणता सहा वर्षं गेली.

या माघात नाशिकहून प्रकाशकाचा फोन आला. “काका, तुमच्या शिदोरीला आता मागणी आहे. पोरं उठली की डोंगरावर जातायत. परत छापतोय. काही दुरुस्त्या असतील तर आठ दिवसांत कळवा.”

मधुकररावांनी पुस्तक उघडलं, आणि ते तेविसाव्या पानावरच उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमावतीबाईंनी न्हाणीघराचं दार ठोठावलं.

“अहो, आत काय फोडताय?”

“काही नाही. अंधार लागतो जरा.”

“दिवसाढवळ्या?”

दार उघडलं तेव्हा मधुकरराव पाटावर बसलेले, हातात दोन गारगोट्या, पुढ्यात देव्हाऱ्यातल्या वातींचा कापूस.

“उजेड पडतो बघ,” ते म्हणाले. “अगदी दगडाच्या पोटात. आणि जळका वास! पण कापूस थंडगार. असं का होत असेल?”

“तुम्हाला गॅस पेटवायला लायटर लागतो, तोही मी हातात दिला की,” कुसुमावतीबाई म्हणाल्या. “वाती ठेवा जागेवर. आणि ज्याला येतं त्याला विचारा की. लाज वाटते होय?”

वाटत होती. पण आता लाजेपेक्षा त्या थंड उजेडाचं कोडं मोठं झालं होतं.

बाजाराच्या रस्त्याला हिराबाई करांद्याचे कंद विकायला घेऊन बसायची. जामसर गावची, मधुकररावांच्याच वयाची. मधुकररावांनी अर्धा किलो करांदे घेतले, मग आणखी अर्धा किलो घेतले, आणि मग कुठे विचारलं, “तुमच्याकडे पूर्वी, काडेपेटी नसताना, विस्तव कसा करायचे हो?”

“चकमकीनं. माझ्या बाची हाय अजून घरात. बघायची तर ये.”

या बाजूला वयाने, मानाने कितीही मोठा असो, ‘अहो जाहो’ कुणी करत नाही. मधुकररावांना ते ‘ये’ फार सोपं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने ते जामसरला उतरले, पिशवीत आपल्या दोन गारगोट्या घेऊन.

हिराबाईच्या अंगणात नागलीच्या पेंढ्याचा ढीग होता. तिने त्यांना बसायला खाट ओढून दिली. त्यांनी पिशवीतून दगड काढले.

“ही माझी चकमक. बघा, पेटत नाही.”

हिराबाईने दगड उलटसुलट पाहिले आणि तिला हसूच आवरेना. “दादा, ही चकमक नाय. ही नुसती गार, गारगोटी.”

“मग चकमक?”

ती आत गेली आणि एक बांबूची नळी आणि कापडाची पुरचुंडी घेऊन आली. पुरचुंडीत एक लोखंड निघालं. कोयत्याच्या तुटक्या पात्याएवढं, दोन्ही टोकं आत वळवलेली, बोटांत बसेल असं. काळं आणि हाताने गुळगुळीत झालेलं.

“ही चकमक.”

मधुकरराव त्या लोखंडाकडे बघत राहिले. चकमक म्हणजे दगड, असं त्यांनी किती ठिकाणी वाचलं होतं, आणि वाचलं ते लिहिलं होतं. एका शब्दाचा अर्थ चुकला आणि चाळीस मुलं दुपारभर दगडावर दगड घासत बसली.

“म्हणजे आग दगडात नसते?”

“दगडात कुठली? लोखंडात. गार नुसती खरवडते. खरवडलेलं लोखंड जळत खाली पडतं. दगडावर दगड घासला तर उजेड दिसेल, त्याला ऊब नाय.”

तिने नळीतून सावरीचा कापूस काढला. तो पांढरा नव्हता, काळा होता. आधी थोडा जाळायचा, पेटता असतानाच नळीत दाबून विझवायचा. कोरा कापूस ठिणगी धरत नाही, जळलेला धरतो. मधुकररावांनी खिशातली वही काढली.

“लिहू नको,” हिराबाई म्हणाली. “धर.”

त्यांनी गार धरली, दगडाच्या धारेवर कापसाची चिमूट ठेवली आणि चकमक मारली. पहिल्यांदा बोटावर बसली. दुसऱ्यांदाही बोटावरच बसली.

“हळू काय मारतोस? लोखंडाला लागत नाय.”

तिची नात राही ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, “आजी, त्या बाबाचं रक्त येतंय.”

“येऊ दे. त्याच्यानं नाय विझत.”

किती वेळ गेला कोण जाणे. मग एक ठिणगी उडाली, पिवळी, गरम, आणि काळ्या कापसात एक तांबडा ठिपका दिसला. मोहरीएवढा. तो आपोआप पसरत चालला.

“अरेच्चा!” मधुकरराव म्हणाले. “हा वाऱ्याशिवाय कसा पसरतो? कापूस किती दिवस टिकतो नळीत? आणि पावसाळ्यात...”

ठिपका काळा झाला.

“विचारत बसलास तर विस्तव वाट नाय बघत,” हिराबाई म्हणाली. “परत मार.”

दुसऱ्या खेपेला ते एक अक्षर बोलले नाहीत. ठिपका पेंढ्याच्या घरट्यात ठेवला, गुडघे टेकून वाकले आणि फुंकत राहिले. धुराने डोळे भरून आले. पेंढ्याने पेट घेतला तेव्हा भुवयांपर्यंत झळ लागली, आणि राहीने टाळ्या वाजवल्या. हिराबाईने त्याच जाळावर चहाचं भांडं ठेवलं.

घरी आल्यावर त्यांनी आधी प्रकाशकाला फोन केला. तेविसावं पान नव्याने लिहून देतो आणि प्रस्तावनेत एक वाक्य घालायचं आहे, म्हणाले. कुठलं वाक्य, ते विचारल्यावर त्यांनी एका दमात सांगून टाकलं: यातलं बहुतेक मी वाचलं आहे, केलेलं नाही. मग प्रकाशक म्हणाला, “घालू.”

पत्राला या वेळी एकच कागद लागला.

‘शलाकाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. सहा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. पुस्तक चुकलं होतं, मुलीला सांगा. परवा जामसरला हिराबाईंनी शिकवलं आणि एकदा पेटलं. दुसऱ्या खेपेला. दोन दगड नकोत, एक दगड आणि एक लोखंड हवं, आणि कापूस आधी थोडा जाळून विझवलेला. जुनी कानस चालेल, असं त्या म्हणतात. मी अजून करून पाहिलेलं नाही.’

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं आणि तसंच ठेवलं. पाकिटावर शाळेचा पत्ता घातला आणि खाली लिहिलं, ‘बदली झाली असल्यास कृपया पुढे पाठवावे.’ कोपऱ्यात काळ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता.

टपालपेटीशी कुसुमावतीबाई बरोबर होत्या. मधुकररावांनी पाकीट फटीत घातलं, मनगटापर्यंत हात आत गेला, आणि तिथेच राहिला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “सोडा आता.”

त्यांनी सोडलं.