जाईच्या मांडवावरची हरणखुरी

लातूर जिल्हा नवा झाला, तशी सुमनबाई किनवटहून नव्या कचेरीत टायपिस्ट म्हणून रुजू झाली. कचेरी नवी होती, पण कशाचा पत्ता कशाला नव्हता. एका खात्याचं टपाल दुसऱ्याच्या टेबलावर पडायचं, कागदांवर अजून उस्मानाबादचेच शिक्के बसायचे, आणि गावाकडून आलेली माणसं या दारातून त्या दारात फिरत राहायची. त्यात दुष्काळ. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही.

राहायला तिला बसम्माची मागची खोली मिळाली. बसम्मा लिंगायत, नवरा जाऊन तिसरं साल लागलेलं, घरात एकटी. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावणारी पोरगी घरात ठेवली म्हणून भावकीत कुजबुज झाली, तेव्हा बसम्मानं एवढंच सांगितलं, "घर माझं हाय. कुणाला ठेवायचं ते मी बघीन." सुमनबाईला ते कळलं होतं. त्यामुळे आपल्या हातून या घरात काही चुकू नये, अशी धास्ती तिच्या मनात कायम असायची.

उन्हाळ्यात बसम्माची लेक बाळंतपणाला टेकली. तिच्या सासरी उदगीरला निघताना बसम्मा परसातल्या मांडवाकडे बोट करून म्हणाली, "बाई, तेवढ्या जाईला पाणी घालत जा. डाळतांदूळ धुतलेलं चालतंय. पण चुकवू नको."

"घालते की आक्का. तुम्ही बिनघोर जा."

म्हणायला म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन मांडवापाशी उभी राहिली आणि गोंधळलीच. सगळं लहानपण वसतिगृहात गेलेलं, जाई तिनं गजऱ्यातच पाहिलेली. मांडवावर दोन वेल होते. एक जाडसर, काळपट, वाळून काडी झालेला. दुसरा हिरवागार, पहिल्याला विळखे घालत वर चढलेला, पांढरी नरसाळ्यासारखी फुलं ल्यालेला. एवढ्या कोरड्या परसात तेवढंच काय ते हिरवं. जाई पांढरी असते हे तिला ठाऊक होतं. तिनं हिरव्याच्या बुडाशी पाणी ओतलं.

पण मनातून शंका जाईना. फुलाला वास म्हणावा तसा नव्हता, आणि दुपारपर्यंत ते मिटूनही जायचं. तिनं कुंपणापलीकडच्या गुरम्माला विचारलं.

"जाईच ती," गुरम्मा खात्रीनं म्हणाली. "जुनी झाली की जाई असंच पान बदलते. बसम्मा रोज तीच फुलं लिंगाला वाहते की. मी बघते ना."

सुमनबाईला जरा हायसं वाटलं. तरी कचेरीत गेल्यावर तिनं एक पान शेती खात्यातल्या किशनरावांपुढे ठेवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"कुठलं हे?"

"जाईचं."

किशनराव हसले नाहीत, हे बरं झालं. "ही हरणखुरी आहे बाई. पान बघा, हरणाच्या खुरासारखं. जाईचं असं नसतं. तिच्या एका देठाला दोन्ही बाजूंनी जोडीजोडीनं बारकी पानं, टोकाला एक. हिचं देठाला एकच पान, आणि देठ मोडला की दुधासारखा चीक येतो. ज्या वेलावर चढते त्यालाच खाते ही."

म्हणजे इतके दिवस आपण तण पोसून राहिलो! संध्याकाळी घरी येताच तिनं पदर खोचला आणि हरणखुरी मुळासकट उपटायला घेतली. पांढरं मूळ खाली खाली जात होतं, आणि ओढलं की तटकन तुटत होतं. आठवड्याभरात तुटल्या जागी दोन-दोन, तीन-तीन कोंब वर आले. तिला काही उमजेना. कमी करावं तसं ते वाढत होतं.

"उपटू नका," किशनराव म्हणाले. "तुकडा राहिला की त्याला नवा कोंब येतो. जमिनीलगत कापायचं. डोकं वर काढलं की परत कापायचं. वर पान नसलं की मूळ उपाशी पडतं. वेळ लागतो. आणि वरचे विळखे ओढू नका, खालची फांदी मोडेल. वाळू द्या, मग सोडवा."

तिनं तसंच केलं. कचेरीतून आली की विळा घेऊन बसायची. विळखे वाळले, सुतासारखे एकेक सुटले, आणि खालचा काळा वेल उघडा पडला. तिनं सहज नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं. तिनं दुसऱ्या जागी खरवडलं. तिथंही हिरवं. त्या दिवसापासून पाणी त्या बुडाशी जाऊ लागलं, आणि बसम्मा यायच्या आधी खाली जोडपानांचा एक इवलासा फुटवा दिसला. सुमनबाईला वाटलं, आक्का खूश होतील.

बसम्मा आली. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, पूजेची तबकडी घेऊन मांडवापाशी गेली आणि तिथंच थांबली.

"फुलं कुठं हायत?"

"आक्का, ती जाई नव्हती. तण होतं. हरणखुरी. मी काढून टाकली."

"मला ठाऊक हाय."

"ठाऊक होतं?"

"नाक हाय की मला. जाईचा वास मला कळत न्हाई व्हय? हे गेले, त्यांच्या मागं जाई मेली. मग ही उगवली. बिनवासाची का होईना, लिंगाला पांढरं फूल मिळत होतं. या दुष्काळात दुसरं काय फुलून राहिलंय सांग?"

"पण तुम्ही तर जाईला पाणी घाल म्हणालात."

"तणाला पाणी घाल म्हणलं असतं तर घातलं असतंस?"

आपलं बरोबर होतं की चूक, हेच सुमनबाईला कळेना. किशनरावांच्या हिशेबानं बरोबर, या घराच्या हिशेबानं पार चूक. ती नुसती म्हणाली, "आक्का, जाई मेलेली न्हाई."

"उगं समजूत घालू नको."

सुमनबाईनं खाली वाकून फुटवा दाखवला. मग वरच्या फांदीची साल खरवडली. बसम्मानं तबकडी खाली ठेवली, स्वतःच्या नखानं आणखी एका जागी खरवडलं, आणि ओलसर हिरवं बघून तिथंच मातीत बसली.

"यव्वा! मेली समजून मी पाणीच तोडलं की गं हिचं. ती जितीच होती."

सुमनबाई घाबरली. आनंदाची गोष्ट सांगितली आणि ही तर रडून राहिली. पाठीवर हात ठेवावा की नको, हेही तिला सुचेना. शेवटी तिनं ठेवला. बसम्मानं तो झटकला नाही.

मग बसम्मानं पदरानं डोळे पुसले. "आणि ती दुसरी? पार संपली का?"

"न्हाई. मूळ खोल हाय. कोंब येतच राहतात."

"मग तोवर लिंगाला फूल कुठलं?"

सुमनबाईनं विचार केला. मग तुपाचा जुना डबा काढला, माती भरली, हरणखुरीच्या मुळाचा एक तुकडा त्यात लावला आणि डबा मातीवर न ठेवता न्हाणीच्या फरशीवर ठेवला. "इथून मूळ जमिनीत जाणार न्हाई. फूल सुकलं की खुडायचं मात्र, बी धरू द्यायचं न्हाई."

"ते मी करीन," बसम्मा म्हणाली. मग मांडवाकडे बघत जरा तुटकच म्हणाली, "जमिनीतली तू काप."

ती रागावली होती की निवळली होती, सुमनबाईला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. बसम्मा आत जाऊन तांदळाचं धुवण घेऊन आली. थोडं डब्यात घातलं, बाकीचं सगळं जाईच्या बुडाशी सावकाश ओतलं.