झाकणाच्या बादल्या

सुनावणीच्या खोलीत मी कडेच्या खुर्चीवर बसलो होतो, मांडीवर तीन जाड माहितीपुस्तकं घेऊन. पुतणीने माझं नाव साक्षीदारांत घातलं होतं, पण मला वाटतं, ते पुस्तकं उचलायला. तिच्या पेटंटला एका कंपनीने विरोध केला होता; ते राहणार की जाणार, हे आज ठरायचं होतं.

जमिनीवर बसून विमान चालवायला शिकवणारं एक यंत्र असतं. त्यात पडद्यावरचं आकाश आधी कलायचं आणि खुर्ची क्षणभर उशिरा. शिकाऊ वैमानिकांच्या पोटात ढवळायचं. सगळे खुर्चीचा वेग वाढवायच्या मागे. पुतणीने एक कॉम्प्युटर कार्ड बनवून चित्रालाच किंचित थोपवलं, म्हणजे दोन्ही एकदम कलतील.

"यात शोध कसला?" विरोधी कंपनीचे तज्ज्ञ म्हणाले. "भाग सगळे जुनेच. आमची माहितीपुस्तकं पुराव्यात जोडलीच आहेत. साध्या तंत्रज्ञालाही हे पहिल्या दिवशी सुचलं असतं."

पुतणीचा चेहरा उतरला. "काका, आता मलाही ते सोपंच वाटायला लागलंय हो."

मी हात अर्धा वर केला, मग चष्मा सारखा केल्यासारखं दाखवलं.

"आजोबा, काही म्हणायचंय?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"नाही. म्हणजे, हो. माझं चुकतही असेल." आयुष्य ग्रंथालयात गेल्यामुळे मला पुस्तकं शेवटच्या पानापर्यंत वाचायची खोड आहे. "ही तिन्ही यांचीच पुस्तकं, प्रत्येकाचं शेवटचं पान बघा. पहिली आवृत्ती: 'खुर्चीजवळ एक बादली ठेवावी.' चार वर्षांनी दुसरी: 'दोन बादल्या ठेवाव्यात.' आणखी पाच वर्षांनी तिसरी: 'बादल्या झाकणाच्या असाव्यात.'"

कोणीतरी खोकल्याआड हसलं.

"पहिल्या दिवशी सुचणारी गोष्ट," बाई तज्ज्ञांना म्हणाल्या, "आणि तुम्ही नऊ वर्षं बादल्या वाढवत बसलात?"

"झाकणाची सूचना उपयोगी ठरली होती," तज्ज्ञ पुटपुटले.

"कोणाची होती?"

ते टायशी चाळा करू लागले. "माझी."

बाईंनी विरोध फेटाळला.

बाहेर आल्यावर पुतणीने पुस्तकं माझ्या हातून घेतली. "काका, त्या झाकणाचं पेटंट घेतलं असेल का हो त्यांनी?"

"घेतलं असलं तर विरोध कर," मी म्हणालो. "तुझ्या काकूला ते पहिल्याच दिवशी सुचलं असतं."