मातीला आलेला गोवर

मातीचे थर वाचण्यात उभी हयात गेल्यामुळे कार्यालयात त्यांना सगळे थरथरे म्हणत. रस्त्यात कुठे खोदकाम दिसलं की थरथरे आधी आत वाकून बघत आणि मग कुणाचं काम चाललंय ते विचारत. जमिनीखालच्या पाण्याबद्दल ते आजवर कधी खोटं बोलले नव्हते. पण याआधी त्यांच्या घरात कधी मेहुणाही राहिला नव्हता.

मेहुण्याला घरात बाळ म्हणत. बाळाला टक्कल पडूनही आता बरेच दिवस झाले होते. आपल्या घराला रंग द्यायचाय म्हणून तो बहिणीकडे आठवडाभरासाठी आला होता. तो रंग एव्हाना उडायला लागला होता. येताना त्याने एक बॅग आणि एक ट्रम्पेट आणलं होतं. बॅगेचा कुणालाच त्रास नव्हता.

"अहो, मागच्या अंगणात तळघर काढू या," एक दिवस बायको म्हणाली. "त्याचं वाजवणंही होईल आणि आपले कानही शाबूत राहतील."

थरथऱ्यांना तिच्याशी नव्याने लग्न करावंसं वाटलं.

कंत्राटदाराची अट एकच होती. खाली पाणी लागणार नाही असं थरथऱ्यांनी माती बघून लिहून द्यायचं, मग तो खोदणार. थरथऱ्यांनी लगेच अंगणात माणूसभर खोल खड्डा घेतला आणि निघालेली माती चादरीवर ओळीने मांडली. वरची काळसर, तिच्याखालची तपकिरी. इथवर त्यांनी शीळही घातली. कमरेइतक्या खोलीवरची माती हातात आली आणि शीळ थांबली. माती राखाडी होती आणि तिच्यात तांबूस ठिपके होते.

खड्डा मात्र ठणठणीत कोरडा होता.

आतून ट्रम्पेटची एक लांबलचक तान आली. थरथऱ्यांनी खिशातून पेन काढलं आणि लिहिलं, 'पाहणीच्या वेळी खड्ड्यात पाणी आढळले नाही.' अक्षरन् अक्षर खरं होतं. ठिपक्यांबद्दल कुणी विचारलं नव्हतं. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्यांना ते आवडलं.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "अगं बाई! या मातीला गोवर का आलाय?"

थरथरे चहात बघू लागले.

"अहो, तुम्हाला विचारतेय."

"गंज आहे तो," ते हळूच म्हणाले. "मातीत लोखंड असतं. पाणी तुंबलं की हवा मिळत नाही, माती राखाडी पडते. पाणी उतरलं की हवा शिरते, तिथे लोखंड गंजतं."

"म्हणजे पाणी इथवर चढतं?"

आत बाळाने तीच तान पुन्हा घेतली आणि तो नेहमीच्याच जागी चुकला. हो म्हटलं तर हा आवाज जन्माचा सोबती होणार होता. थरथऱ्यांनी डोळे मिटले.

"चढतं. दर वर्षी. ओले दिवस आले की तळघराचं तळं होईल."

बाळ बाहेर आला. "पण भावोजी, खड्डा तर कोरडा आहे!"

"बाळ, तूही जेवताना गप्प असतोस. म्हणून तू वाजवत नाहीस, असं लिहून देऊ का मी?"

बाळाला ते पटलं. लिहिलेला कागद थरथऱ्यांनी चुरगाळून खड्ड्यात टाकला.

"मग खाली नको, वर जाऊ," बायको म्हणाली. "पोटमाळा रिकामाच पडलाय. अहो, तिथे चढतं का हो पाणी?"

पोटमाळा थरथऱ्यांच्या पलंगाच्या बरोबर वर होता. प्रश्न त्यांच्या विषयातला होता आणि उत्तर त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"नाही चढत."

"भावोजी, तुम्ही म्हणजे देवमाणूस!" म्हणत बाळ ट्रम्पेट घेऊन जिना चढलासुद्धा.

थोड्या वेळाने थरथरे पलंगावर आडवे झाले. वर ट्रम्पेट फुंकलं गेलं. खिडकीची तावदानं थरथरली, पलंग थरथरला आणि उशाशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणीही थरथरलं.

"बघा, कसं कोरडं ठणठणीत आहे वर!" बायको कौतुकाने म्हणाली.

थरथऱ्यांनी कानातला कापूस काढून तिला पुन्हा सांगायला लावलं, सवयीने पेल्यातल्या पाण्याची पातळी बघितली आणि कापूस परत घातला.