चार रकान्यांचा तक्ता

तिने कागद टेबलावर असा आपटला की सासूबाईंचा चहा कपातून बशीत आला.

"वाचा," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय वाचू? बुकिंगचा कागद आहे. मीच तर काल आणला."

"मोठ्याने वाचा. पाहुण्यांची संख्या."

नवऱ्याने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. "चार," तो म्हणाला, आणि मग त्याची नजर टेबलाभोवती फिरली. आई. मुलगी. मुलगा. ओठ हलले नाहीत, पण तो मोजतोय हे दिसत होतं. शेवटी समोर उभ्या असलेल्या बायकोपाशी नजर पोचली आणि त्याचा चेहरा उतरला.

"अरेच्चा," तो म्हणाला.

अरेच्चा! सतरा वर्षांचा संसार, आणि बायको घरी विसरून चाललोय हे लक्षात आल्यावर माणूस म्हणतो काय, तर अरेच्चा. छत्री विसरल्यावर म्हणतात तसं. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"अहो, सहल आपल्या घराची ना? सगळ्यांची पहिली सहल, पहिली सहल म्हणून महिनाभर नाचताय ना सगळे? मग मी कोण, शेजारीण?"

"अगं, मला वाटलं तुला रजा मिळणार नाही. सुट्ट्यांच्या दिवसांत तुला कधी मिळते का?"

हे मात्र खरं होतं. ती बस डेपोत ड्युट्या लावायची. कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर, कोणता कंडक्टर कुठल्या फेरीला, कुणाची सुट्टी कधी, सगळं तिच्या हातात. दीडशे माणसं तिला तक्तेबाई म्हणायची, आणि तोंडावरही म्हणायची. मुलांना सुट्टी लागली की बसला गर्दी, आणि बसला गर्दी झाली की तक्तेबाईंना रजा नाही. म्हणून तर आजवर हे कुटुंब कुठे गेलं नव्हतं. या वेळी मात्र तिने कंबर कसली होती. मॅनेजरच्या खोलीत ती तीनदा गेली. तिसऱ्यांदा खुर्ची ओढून बसलीच, आणि सही झाल्याशिवाय उठली नाही. अकरा वर्षांतली पहिली सलग चार दिवसांची रजा होती ती.

"रजा मिळाली हे मी सांगितलंय," ती म्हणाली. "इथेच. याच खुर्चीत बसून."

"कधी?" नवरा म्हणाला.

"मला नाही बाई आठवत," सासूबाई म्हणाल्या.

"मंगळवारी," मुलगी म्हणाली. ती पंधरा वर्षांची होती आणि खरं बोलून मोकळी व्हायची तिला खोड होती. "जेवताना. आपण तो व्हिडिओ बघत होतो. उलटी होणारी ट्रेन."

आता तिलाही ते ताट न् ताट आठवलं. चौघांची डोकी एका फोनवर. ती म्हणाली होती, माझी रजा मंजूर झाली. नवरा फोनमधून मान वर न काढता म्हणाला, अरे वा. आणि धाकटा म्हणाला, आई, मीठ. तिने मीठ दिलं होतं. वर पाणीही वाढलं होतं!

"तू ऐकलंस, मग बोलली का नाहीस यांना?"

"मला वाटलं बाबांना माहितीये."

"बाबांना!" ती नवऱ्याकडे वळली. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता. मशीनवर काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा, आणि या कामात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. "लोकांना नीट दिसावं म्हणून दिवसभर काचा घासता, आणि घरातली एवढी धडधाकट बाई तुम्हाला दिसली नाही!"

धाकट्याला हसू आलं. त्याने ते ब्रेडच्या तुकड्यामागे दडवलं.

"हे बघ," नवरा म्हणाला. त्याचा आवाज हळू होता, म्हणजे तोही आता इरेला पेटत होता. "मी काही मनाने केलं नाही. तुझा तक्ता समोर ठेवून केलं. तुझ्या तक्त्यात जे आहे ते भरलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

"माझ्या तक्त्यावर खापर फोडू नका."

"मग बघ की स्वतः."

"आण गं तो," ती मुलीला म्हणाली. "आणच. होऊन जाऊ दे."

तक्ता फ्रिजच्या दारावर आठ दिवस लटकत होता. मुलीने चारही चुंबकं काढली आणि तो टेबलावर पसरला. डेपोतल्या मोठ्या कागदाची मागची कोरी बाजू, फूटपट्टीने मारलेल्या रेघा, तीन दिवस, प्रत्येक दिवसाची अर्ध्या-अर्ध्या तासाची घरं. असा तक्ता त्या थीम पार्कच्या रिसॉर्टवाल्यांनीही कधी पाहिला नसेल. कुठल्या राइडला सकाळी रांग कमी, कुठली उन्हात नको, कुठे धाकट्याची उंची पुरते आणि कुठे दोन बोटं कमी पडते. सासूबाईंचे गुडघे चढावर धरतात म्हणून साडेबाराला त्यांची सावलीतली खुर्ची, तीही कारंज्याच्या डाव्या बाजूला, कारण उजवीकडे लाउडस्पीकर होता. रिसॉर्टच्या नकाशावर डोळे फोडून तिने हे हुडकलं होतं. रकान्यांवर शीर्षकं होती. आई. हे. थोरली. धाकटा.

तिने बोट ठेवून पहिल्या दिवसापासून वाचायला सुरुवात केली. मग दुसरा दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचल्यावर बोट सावकाश झालं.

डेपोत तक्ता लावणाऱ्याचं नाव तक्त्यात नसतं. कशाला असेल? ती खिडकीमागे बसलेलीच असते. सकाळी साडेपाचला पहिली गाडी सुटताना असते, दुपारी पाळी बदलताना असते. ती कुठे जाणार, कधी येणार, हा प्रश्नच नसतो. इतकी वर्षं हाताला तेच वळण लागलेलं. घरच्या कागदावरही हात त्याच वळणाने गेला.

आणि ती तिथे अगदीच नव्हती असंही नाही. उजव्या समासात, पेन्सिलीने, बारीक अक्षरात कामं होती. टॉवेल घेऊन खाली उभं राहणे. आईंची गोळी, पाण्याबरोबर. कोरडे कपडे. धाकट्याला मळमळलं तर पिशवी. दहा वाजल्यापासून रांगेत जागा धरणे. प्रत्येक घरासमोर काही ना काही. आणि एकाही कामापुढे नाव नव्हतं.

हे तिला झोंबलं. नाव नसलेली ड्युटी तिने डेपोत कधी लावली नव्हती. ज्या गाडीपुढे नाव नाही ती गाडी सुटत नाही, हे नव्या कारकुनांना ती पहिल्या दिवशी बजावायची.

नवऱ्याने जिंकल्यासारखा चेहराही केला नाही. उलट कागदाच्या दुमडलेल्या कोपऱ्यावर बोट फिरवत बसला, आणि त्याचा तिला आणखीच राग आला.

"आई, म्हणजे तू चुकलीस?" धाकट्याने विचारलं.

"हो, चुकले," ती म्हणाली. "चुकले ना. माझ्या हाताने माझंच नाव खाल्लं. पण मला एक सांगा. डेपोत माझा तक्ता चुकला तर पाच मिनिटांत कुणीतरी खिडकीशी येऊन बोंब मारतो. तक्तेबाई, अमक्याचं नाव राहिलं! स्वतःचं नाही हं, दुसऱ्याचं नाव राहिलं तरी ओरडतात. भांडखोर मेले, पण ओरडतात. आणि इथे? आठ दिवस हा कागद फ्रिजवर आहे. दूध काढताना बघता, पाणी घेताना बघता. चौघांनी आपापला रकाना तोंडपाठ केलाय. एकाला, एका तरी माणसाला वाटलं का, की आई कुठाय?"

मुलीने मान खाली घातली. मघाशी खरं बोलायला पुढे झालेली, आता चुंबकं एकावर एक रचत बसली.

"असं कर," सासूबाई बशीतला चहा परत कपात ओतत म्हणाल्या, "मी राहते घरी. माझं काय, वय झालं. माझ्या जागी तू जा."

"तुझे गुडघे तसेही..." नवरा म्हणाला. "नाहीतर मी राहतो. दुकानात कामही आहे."

"मी नाही राहणार," धाकट्याने आधीच जाहीर केलं.

"कुणीही राहायचं नाही!" तिचा आवाज एवढा चढला की तिची तीच दचकली. "आई, तुम्ही राहायचं नाही. कारंज्याजवळची ती खुर्ची मी दोन संध्याकाळ घालवून शोधलीय, तुम्ही तिच्यावर बसणार. आणि अहो, तुम्हीही नाही. मला कुणाच्या जागी जायचं नाहीये. उपकार नकोत मला. मला माझी जागा पाहिजे."

तिने बुकिंगचा कागद उचलला. तळाशी लिहिलं होतं, बदल करायचा असल्यास आज दुपारी बारापर्यंत. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा होऊन गेले होते.

"दे, मी करतो फोन," नवरा हात पुढे करत म्हणाला.

"राहू द्या. तुमच्यावर सोडलं तर आणखी एक जण कमी व्हायचा."

तीन वेळा फोन लागला नाही. चौथ्यांदा लागला, तर गाणं वाजत राहिलं. गाणं थांबेपर्यंत पावणेबारा झाले होते. ती टेबलाभोवती फेऱ्या घालत होती आणि चार माना तिच्यामागे फिरत होत्या.

"नमस्कार, आरक्षण विभाग," पलीकडून एका बाईचा आवाज आला. दमलेला, पण गोड, आणि टेबलापर्यंत सगळ्यांना ऐकू येईल इतका मोठा.

तिने आरक्षणाचा नंबर सांगितला. "एक पाहुणा वाढवायचाय."

"बघते हं... खोलीत एक जास्तीचा पलंग देता येईल. राहून गेलं का कुणी?"

"हो. घरातल्याच एक बाई. राहून गेल्या."

"होतं हो असं. बहुतेक वेळा आजी राहून जातात."

"आजी सगळ्यात आधी लिहिल्यात," ती म्हणाली. "या वेगळ्या."

"वय?"

"एकेचाळीस."

"उंची?"

ती सांगता सांगता अडखळली. धाकट्याची तिला बोटाबोटाने माहीत होती. अंदाजाने एक आकडा सांगितला. बाईंनी तो टाइप केल्याचा आवाज आला.

"छान. आता असं आहे, मोठ्या राइड्सच्या वेळा आरक्षणाच्या वेळीच निवडाव्या लागतात. माणशी तीन. बाकीच्या चौघांच्या भरलेल्या आहेत, आणि काय सुरेख भरल्यात! आमच्याकडे कुणी इतकं व्यवस्थित देत नाही. या बाईंच्या तेवढ्या सांगा. उंच आणि वेगाच्या, पाण्याच्या, अंधारातल्या, की शांत फिरणाऱ्या बोटी? त्यांना काय आवडतं?"

तिने लगेच तोंड उघडलं. तक्तेबाईला हा काय प्रश्न! आईंचं विचारलं असतं तर, बोट, पण हळू जाणारी. हे? उंचावरचं काहीही, पण आधी दहा मिनिटं नाही नाही म्हणणार. थोरलीला अंधार. धाकट्याला पाणी, कितीही पाणी. डेपोतला कुठला ड्रायव्हर घाटातली फेरी मागतो आणि कुठला सकाळची, तेही तिने झोपेत सांगितलं असतं.

तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"आईला भीती वाटते उंचीची," धाकटा पुटपुटला.

"काही नाही वाटत," मुलगी म्हणाली. "गच्चीवर कठड्याला टेकून उभी असते ती."

"बोटच बरी तिला," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याशेजारी बसेल."

"तिला असलं काही नकोच असतं," नवरा हळूच म्हणाला. "आपण काही म्हटलं की नको म्हणते ती."

तिने हात वर केला. गाडी मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला थांबवताना करायची तसाच, सरळ, पंजा उघडा. चौघेही जागच्या जागी थांबले.

"हॅलो?" बाई म्हणाल्या. "बारा वाजायला आलेत, म्हणून म्हटलं. मी शांत बोटी टाकू का? बायका बहुतेक तेच घेतात."

"नाही!" ती म्हणाली. "तुमच्या मनाने काही टाकू नका. विचारून सांगते. फोन ठेवू नका."

"त्या घरात आहेत ना?"

"आहेत."

फोन कानाशी धरून ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पलंगावर चार बॅगा उघड्या पडल्या होत्या. तिने त्यातली एक सरकवून जागा केली आणि बसली. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीतला माणूस गॅलरीत उभा राहून चटई झटकत होता. दाराखालच्या फटीपाशी कुणाची तरी पावलं येऊन थांबली आणि परत गेली.

"हॅलो?" पलीकडून आवाज आला. "झालं का विचारून?"

"थांबा हो जरा," ती म्हणाली. "पहिल्यांदाच विचारतेय. वेळ लागेल."