कापडाची सोनूबाई

"पुढचा बुधवार शेवटचा, मग मी येनार नाय," असं सोनूबाईने सांगितलं, तेव्हा मी तिला "बरं" म्हटलं. सव्वीस वर्षं दर बुधवारी ही बाई वेसाव्याच्या कोळीवाड्यातून मासळीची पाटी घेऊन आमच्या चार बंगला भागातल्या घराचे दोन जिने चढून आली, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "बरं"! तिचे गुडघे गेले होते. बाजारातली तिची जागा आता सून, कल्पिता, सांभाळणार होती आणि सासूला तिने दारोदार फिरायची बंदी केली होती. सगळं रास्तच होतं. त्यामुळे मला भांडायला जागाच उरली नव्हती, आणि भांडल्याशिवाय मला सोनूबाईशी बोलता येत नाही.

"अगं, मग नुसती भेटायला ये म्हण ना तिला," माझा नवरा, श्यामसुंदर, म्हणाला.

"गुडघे दुखत असताना? कशाला येईल? माझं तोंड बघायला?" मी त्याच्यावर खेकसले.

मी पापलेटाकडे बघून नाक मुरडायचं, तिने माझ्या सात पिढ्यांना मासळीतलं कळत नाही म्हणायचं, मग दोघींनी चहा प्यायचा, असं आमचं चालायचं. मासळीच नसेल तर तिला कुठल्या तोंडाने बोलवायचं, हे मला समजत नव्हतं. ती मला हवी होती, एवढं मात्र पक्कं समजत होतं.

मग मला जे येतं ते मी केलं. मी कापडाची माणसं करते. तुकडे जोडायचे, कापूस भरायचा, टाके घालून नाकडोळे काढायचे. आठवडाभर खपून मी हातभर उंचीची सोनूबाई केली. हनुवटी तीनदा उसवली, कारण तिचा माज काही त्यात उतरेना. साडी ठिगळांची केली: आईची सुती इरकल, माझ्या जुन्या साड्यांचे काठ, लेकीच्या फ्रॉकचा एक तुकडा. डोक्यावर पाटी आणि पाटीत रुपेरी अस्तराचे बांगडे.

शेवटच्या बुधवारी मी ती तिच्यापुढे ठेवली. सोनूबाईने हात धुतले, पुसले, बाहुली उचलली आणि उलटसुलट करून बघितली.

"ही कोन?" तिने विचारलं.

"कोण म्हणजे? तू!"

"मी? ही तुज्या मंगळागौरीची पाहुनी हाय गो!"

मी बघितलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला माझ्या आईसारखं नऊवारी नेसवलं होतं. घोट्यापर्यंत घोळ, पुढे निऱ्या, दोन्ही खांद्यांवरून पदर. सव्वीस वर्षं ही बाई माझ्या दारात उभी राहिली आणि मी फक्त माशांचे कल्ले तपासत बसले.

"येवरा घोल घेऊन मी बंदरावर पान्यात उभी ऱ्हाऊ?" म्हणत तिने सगळ्या टाचण्या काढल्या. साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, मागे घट्ट खोचली, आणि बघता बघता बाहुलीची सोनूबाई झाली. मग तिचं बोट एका ठिगळावर थांबलं.

"ही तुज्या आयची इरकल ना?"

"हो."

"ती माज्या अंगावर घातलीस?"

"मग कुणाच्या घालू?" मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

तिने पदराने डोळे पुसले. मग फटकन बाहुलीची साडी सोडून माझ्या मांडीवर टाकली. "आता तू नेसव."

मी नेसवली. ती लगेच सुटली.

"शी! हाताला वळन नाय तुज्या. बुधवारी येते. तवर शीक."

"पाटी घेऊन?"

"पाटी कशाला? साडी बघाला येनार मी. जिना हलू हलू चढंन."

मी त्या साडीच्या मागे हात धुऊन लागले. शनिवारपर्यंत चुकत होती, रविवारी जमली. सोमवारी श्यामसुंदर स्वतःहून "झकास" म्हणाला, आणि तो असं सहसा म्हणत नाही. दोन दिवस बाहुली कपाटावर ताठ उभी होती.

बुधवारी दहाच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. मी धावत जाऊन टाचण्या उपसल्या आणि घाईघाईने साडी घोट्यापर्यंत खाली सोडली.

सोनूबाई धापा टाकत बसली, पाणी प्यायली, बाहुली हातात घेतली. सुती कापड घड्या विसरत नाही. गुडघ्यापाशी, कमरेशी, सगळ्या चुण्या जिथे पडायला हव्यात तिथेच पडलेल्या होत्या. तिने त्यांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघत राहिले.

"अजून चुकतंय तुजं," ती म्हणाली आणि टाचण्या काढायला लागली. "पुढच्या बुधवारी परत बघू. चा ठेव."