जुन्या बॅटरीची जोड

मेकॅनिककाकांना कुठलीही वस्तू टाकवत नसे. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली, तरी पलंगाखालचे डबे तारांनी, स्क्रूंनी आणि मेलेल्या सेलांनी गच्च भरलेले. असल्या माणसाला, छपरावर सोलर पॅनल बसवायला आलेल्या फिटरने जाता जाता बजावलं, की या नव्या बॅटरीला जुनी चुकूनही जोडू नका. काकांनी मान डोलावली. फिटरची पाठ वळली आणि शेजारच्या बसड्रायव्हरने भंगारात काढलेली बॅटरी त्यांनी नवीला लावून तारा आवळल्या. चाळीस वर्षं तारांशी खेळलेल्या माणसाला कोण शिकवणार!

हा सगळा खटाटोप काकूंसाठी होता. त्यांची फुफ्फुसं कधीच थकली होती. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं मशीन उशाशी सतत घरघरत असे. वीज गेली तर पंचाईत नको म्हणून परगावच्या लेकीने पॅनल, बॅटरी आणि वर एक सिलिंडर घेऊन दिला होता.

परवा वादळात विजेच्या तारा तुटल्या. काल ऊन होतं, निभावलं. काका तर गल्लीभर मिरवून आले, की सगळ्यांकडे अंधार आणि आमचं मशीन चालू. रात्र सिलिंडरवर काढली, पहाटे तोही संपला. आज आभाळ भरून आलं, आणि दुपारी दोनला मशीन केकाटायला लागलं.

काकांनी धावत जाऊन पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, चार्जिंगला लावलेले शेजाऱ्यांचे पाच मोबाइल उपटून काढले. सकाळी भरलेली दिसणारी बॅटरी एवढ्यात संपतेच कशी? त्यांनी दोन्हींवर हात ठेवून पाहिला. नवी थंड, जुनी तव्यासारखी गरम. नवीने साठवायचं आणि जुनीने गिळायचं, असं इतके दिवस चाललं होतं. टॉर्चमध्ये जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका, हे दुकानात गिऱ्हाइकांना काका स्वतःच तर सांगत आले होते.

त्यांनी जुनी सोडवली, पण गेलेलं परत थोडंच येणार. लेकीला फोन केला. ती सिलिंडर घेऊन निघाली होती, पण रस्त्यात झाडं आडवी, संध्याकाळ होईल म्हणाली. अँब्युलन्सलाही तोच रस्ता.

काका छपरावर चढले आणि अंगातल्या सदऱ्याने पॅनल पुसलं. मग कपाटाचा आरसा काढून वर नेला, पॅनलवर जरा उजेड पाडायला. पण आरशात पकडायला ऊन तर हवं. त्यात राखाडी आभाळ होतं आणि त्यांचं स्वतःचं तोंड. लोकांनी टाकून दिलेले रेडिओ ज्या हातांत बोलायला लागत, ते हात आरसा धरून नुसते उभे होते. काकांना रडू आवरेना. पलीकडच्या छपरावरून बसड्रायव्हरने पाहिलं आणि न विचारता खाली निघून गेला.

ते खाली आले तर मशीन गप्प. काकूंनीच हात लांब करून बटण बंद केलं होतं.

"बसा. उरलंय ते पुरवून वापरू. लेक येईपर्यंत."

"अगं, ती जुनी बॅटरी मीच जोडली. फिटर नको म्हणाला होता."

"माहीत आहे. ऐकलं होतं मी."

मग बोलली का नाहीस, असं त्यांनी विचारलं. एकेका शब्दाला काकूंना थांबावं लागत होतं.

"किती दिवसांनी... शीळ घालत... काम करत होतात."

काकांनी त्यांचा हात हातात घेतला. शंभर श्वास मशीनशिवाय, मग पाच मिनिटं मशीन, असा हिशेब त्यांनी मनाशी बांधला आणि मोजायला लागले. चाळिसाव्या श्वासाला काकूंचे ओठ निळसर दिसले, तशी त्यांनी झडप घालून बटण दाबलं. मशीन एकदा केकाटलं आणि बंद पडलं.

खिडकीबाहेर आभाळ तसंच होतं. काकांनी पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.