चौथी ओळ

मी एक जुना फलक आहे, विमानतळावरचा. पात्या फडफडत फिरायच्या आणि गावांची नावं उमटायची, तसला. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल, कारण आता सगळीकडे टीव्ही लागले आहेत. त्यांच्यावर माझा राग आहे, पण तो विषय वेगळा.

माझी पहिली नोकरी एका कॅरिबियन बेटाच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर होती. नाव मोठं, इमारत एवढीशी. माणसं मान वर करून बघत आणि मी सांगेन ते खरं मानत. त्यामुळे माझ्या डोक्यात जरा हवा गेलीच होती.

१९९३ साली एकदा शेजारच्या सेंट ऑरेलिया बेटावरून यायचं छोटं विमान वेळेवर उतरलं नाही. माझ्या चौथ्या ओळीत 'डिलेड' लागलं. थोड्या वेळाने दुबईहून फोन आला. काउंटरवरच्या बाईने माझ्याकडे बघून सांगितलं, उशीर आहे. फोन करणारीचं नाव तिने दोनदा विचारून घेतलं, कॉन्सेप्टा. मूळची वसईची, दुबईत कामाला. तिचा नवरा जोकिम पर्यटकांच्या जहाजावर आचारी होता आणि तो त्या विमानात होता.

ते विमान आलंच नाही. समुद्रात काही सापडलंही नाही. तीन दिवस माझ्यावर 'डिलेड' होतं, मग कुणीतरी ती ओळ बंद केली. 'कॅन्सल्ड' लावायचं कुणाला सुचलं नाही.

पुढे त्या विमानतळाने टीव्ही घेतले आणि मला विकलं. दुबईच्या जबल अली बंदरात उतरून मी अमिरातीतल्याच एका छोट्या विमानतळावर लागलो. तिथला मेकॅनिक गुणवंत मोठा काटकसरी. नव्या पात्या मागवायच्या सोडून त्याने जुन्या नावांवर कोची, कराची, मुंबई अशी स्टिकरं डकवली. रोज सकाळी तो माझ्या सगळ्या पात्या एकदा फिरवून बघायचा. पाढे म्हणून घ्यावेत तसं.

चौथी ओळ मात्र मध्येच आपोआप फिरायची आणि 'डिलेड'वर थांबायची. झाडूवाला रफिक म्हणायचा, यात जिन आहे. गुणवंतने मोटर दोनदा बदलली. का थांबते ते मलाही ठाऊक नव्हतं. मला भीती वाटायची.

समोरच्या कॅन्टीनमध्ये एक बाई कामाला लागली. तिला कुणीतरी हाक मारली, कॉन्सेप्टा. माझ्या सगळ्या पात्या गार पडल्या.

तिच्या बोलण्यावरून कळत गेलं. विमान कंपनीच्या पत्रात 'बेपत्ता' एवढंच होतं. वसईचे दीर दरवर्षी विचारायचे, जोकिमच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा कधी सांगायची? ती म्हणायची, विमानाला उशीर झालाय, जित्या माणसाची मिस्सा कसली सांगता? सहा वर्षं ती घरी त्याचं ताट मांडत होती. मुलगी कॅमिला सोळा वर्षांची झाली होती आणि त्या ताटासमोर जेवेनाशी झाली होती.

१९९९ च्या ऑगस्टमध्ये दमट हवेने गुणवंतचा गोंद सुटला. भरदुपारी, कॅमिला आईला न्यायला आलेली असताना, चौथी ओळ फिरली आणि स्टिकर खाली पडलं. सेंट ऑरेलिया. डिलेड.

कॉन्सेप्टाने हातातला ट्रे खाली ठेवला. ती माझ्यासमोरच्या बाकावर जाऊन बसली. उठेचना. जिवाच्या आकांताने मी ती ओळ फिरवायला बघत होतो, पण मोटर माझ्या हातात नाही.

शेवटी कॅमिला तिच्याजवळ बसली. "ममा, ही इज नॉट लेट," ती हळूच म्हणाली. "ही इज गॉन."

गुणवंत शिडी घेऊन धावत आला; कॉन्सेप्टाची हकीकत त्यानेही ऐकली होती. जुन्या पात्या ठेवल्याबद्दल तो पुन्हा पुन्हा माफी मागत होता. लगेच बंद करतो म्हणाला.

"बंद नको करूस, गुणवंतभाऊ," कॉन्सेप्टा म्हणाली. "तेव्हा पण तिकडच्या विमानतळवाल्यांनी बंदच केलं असेल. जे खरं आहे ते लाव."

गुणवंत शिडीवर चढला. बोटाने एकेक पाती पुढे सारत त्याने 'कॅन्सल्ड' लावलं. तिने ते वाचलं आणि ती मोठ्याने रडली. सहा वर्षांत पहिल्यांदा, असं कॅमिलाने नंतर गुणवंतला सांगितलं.

मित्रांनो, आता मी गोदामात पडून आहे, पुसायलाही कुणी येत नाही. माझी काळजी नाही घेतलीत तरी चालेल. पण कुणी तुमच्याकडे बघून वाट पाहत असेल आणि येणारा येणार नसेल, तर त्याला तेवढं सांगा. मी सांगितलं नाही. त्या घरात सहा वर्षं रोज एक ताट जास्त वाढलं गेलं.